एकच क्लास सर्व्हरवर आणि ब्राउझरमध्येही

ऑर्डरचा एकच टाइपस्क्रिप्ट क्लास दोन्हीकडे वापरायचा ठरला की पहिला मोह होतो तो मेथडमध्येच 'विंडो (ब्राउझरच्या पानाचा ग्लोबल ऑब्जेक्ट) आहे का?' असं तपासण्याचा. असेल तर एपीआय कॉल, नसेल तर थेट डेटाबेस. हे टाळाच. वेब वर्करमध्ये (ब्राउझरमध्ये पार्श्वभूमीत चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) विंडो नसते, त्यामुळे ब्राउझरमध्ये असूनही कोड सर्व्हरच्या वाटेला लागतो. उलट जेएसडॉमवर (ब्राउझरची नक्कल करणाऱ्या लायब्ररीवर) चालणाऱ्या टेस्टमध्ये विंडो असते, म्हणून सर्व्हरची बाजू तपासलीच जात नाही. शिवाय फाइलच्या सुरुवातीलाच डेटाबेस ड्रायव्हर इम्पोर्ट केला असेल, तर आतली अट कितीही चोख असो, बंडलर (सगळ्या फाइली एकत्र बांधणारं साधन) तो ड्रायव्हर ब्राउझरच्या बंडलमध्ये ओढायला बघतो.

सामायिक क्लासमध्ये फक्त डेटा आणि त्यावरचे नियम ठेवावेत: बेरीज, कर, व्हॅलिडेशन. सेव्ह करणं इंटरफेसमागे जाऊ द्या आणि त्याची दोन इम्प्लिमेंटेशन्स दोन फाइलींत लिहा. कुठली उचलायची ते पॅकेज डॉट जेसन या पॅकेजच्या माहितीच्या फाइलमधल्या 'एक्स्पोर्ट्स'मध्ये सांगता येतं: आधी 'ब्राउझर', शेवटी 'डीफॉल्ट'. पहिली जुळणारी अटच लागू होते, त्यामुळे क्रम उलटा झाला तर ब्राउझरलाही सर्व्हरचीच फाइल मिळते.

खरा घोळ मात्र जेसनमधून (डेटा मजकूर म्हणून पाठवायच्या स्वरूपातून) ये-जा करताना होतो. पलीकडे पोचतो तो साधा ऑब्जेक्ट. प्रोटोटाइप (क्लासशी जोडणारा दुवा) गळून पडतो, मेथड्स जातात, 'इन्स्टन्सऑफ' खोटं ठरतं. डेटची स्ट्रिंग होते, मॅपचा रिकामा ऑब्जेक्ट होतो, अनडिफाइन्ड असलेलं फील्ड गायबच होतं. बिगइंट (खूप मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) असेल तर सरळ टाइपएरर येतो (निदान कळतं तरी!). ६४ बिटी आयडी नंबर म्हणून पाठवले तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे शेवटचे अंक गुपचूप बदलू शकतात. ते स्ट्रिंग म्हणूनच पाठवा. म्हणून क्लासला 'फ्रॉमजेसन' ही स्टॅटिक मेथड हवीच, आणि तारखा, आयडी, मॅप तिथेच पुन्हा उभे करावेत.

टाइपस्क्रिप्टचं 'प्रायव्हेट' फक्त कंपाइल होईपर्यंतच टिकतं. पासवर्डचा हॅश अशा फील्डमध्ये असेल, तर तो जेसनमधून बिनबोभाट बाहेर जातो. हॅश चिन्हाने (#) सुरू होणारी फील्ड्स जात नाहीत, पण त्यावर विसंबण्यापेक्षा 'टूजेसन' या मेथडमध्ये बाहेर जाणाऱ्या फील्ड्सची यादी स्वतः लिहिलेली बरी. क्लासवरचा 'एकूण'सारखा गेटरही आपोआप जेसनमध्ये येत नाही, आणि त्यात बिघडत काहीच नाही, कारण ब्राउझरकडून आलेली एकूण रक्कम सर्व्हरने वापरायचीच नसते. डेटाबेसमधले दर घेऊन ती नव्याने काढायची असते.