तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्या गोधड्या ऑनलाइन का टाकत नाही?

अंबाजोगाईच्या माझ्या घरात एक लोखंडी पेटी आणि तिच्यावरची फळी विकायच्या गोधड्यांनी भरलेली आहे. ऑनलाइन मात्र माझ्या नावाखाली जेमतेम आठ-नऊ दिसतात. ज्यांनी दोन्ही पाहिलंय ते हमखास विचारतात, "बाकीच्या का टाकत नाही? टाकायला पैसे लागतात का?" बचत गटाच्या प्रदर्शनात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, भाचा तर प्रत्येक सुट्टीत विचारतो. मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि समोरच्याला वाटतं, हिला धंदा वाढवायचाच नाही. म्हणून एकदा सगळं लिहिते.

भारतातल्या मोठ्या साइटवर नुसता माल नोंदवायला पैसे लागत नाहीत, हे खरं आहे. पण विक्री झाली की बहुतेक ठिकाणी कमिशन, क्लोजिंग फी (दर विक्रीमागं साइट घेते ते ठरावीक शुल्क), वजनाप्रमाणे पार्सलचं भाडं आणि या सगळ्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. एट्सीसारख्या परदेशी साइटवर तर नोंदवल्याचेच पैसे पडतात: दर नोंदीला 0.20 डॉलर, मुदत 4 महिने. मुदत संपली आणि आपोआप नूतनीकरण चालू असलं की पुन्हा तेवढेच. विकली गेली तर वर किमतीच्या 6.5 टक्के, 2022 च्या एप्रिलपर्यंत ते 5 होते. वीस सेंट ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण चाळीस गोधड्या वर्षभर ठेवायच्या तर तीनदा मुदत भरावी लागते. म्हणजे 24 डॉलर, दोन हजार रुपयांच्या आसपास, एकही गोधडी न विकता.

आणि गोधडीचं दुखणं इथंच आहे. कारखान्यातल्या रजईचा एक फोटो काढला, एकदा मापं लिहिली, की त्या एका नोंदीवर पाचशे नग विकता येतात. तिथं नोंद करायची मेहनत पाचशे नगांवर वाटली जाते. माझ्याकडं एक गोधडी म्हणजे एक नोंद. जुनेर, म्हणजे जुनी लुगडी-कापडं, ज्या घरातून येतं त्या घराचे रंग, काठ, पदर तिच्यात असतात. धावदोरा घालणारी बाई बदलली की टाक्याची चाल बदलते. दोन सारख्या होतच नाहीत. प्रत्येकीचे फोटो वेगळे, वर्णन वेगळं, वजन वेगळं, आणि ती विकली की ते सगळं काम संपलं. पुढच्या गोधडीसाठी पुन्हा पहिल्यापासून. फुकट नोंदीतही माझा अर्धा दिवस जातो, आणि तो कुणाच्या हिशोबात धरला जात नाही.

त्यात आमच्याकडचा मोसम उलटा. शिवणाऱ्या बहुतेक बाया ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात आणि कारखाने बंद झाले की परततात. गोधड्या शिवल्या जातात उन्हाळ्यात, गिऱ्हाईक येतं थंडीत. एप्रिलमध्ये शिवलेली गोधडी एप्रिलमध्येच एट्सीवर टाकली, तर तिची मुदत ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात संपते. थंडीसाठी पुन्हा पैसे भरा. म्हणून मी उन्हाळ्यात फक्त फोटो काढून, वजन-माप लिहून ठेवते. नोंद दिवाळीच्या तोंडावर करते, तीही थोड्यांचीच.

इथपर्यंतचं मी लोकांना सांगते. पुढचं सहसा सांगत नाही.

केज तालुक्यातल्या एका मावशींनी गटासाठी एक मोठी गोधडी शिवली होती. वरचा थर त्यांच्या स्वतःच्या नऊवारीचा, हिरव्या लुगड्याचा. बारीक टाका, चौकोनातून आत आत जाणारा. त्या वेळी गटात ठरलेलं होतं की गोधडी विकली गेली की मजुरी द्यायची, म्हणजे कुणाच्याच पदरचे पैसे अडकत नाहीत. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं, मावशींनीही हो म्हटलेलं. मी ती एका साइटवर 2,400 रुपयांना टाकली. ती गेली, आणि मी मावशींना फोन करून सांगितलं, "तुमची विकली." त्या उसाच्या फडावर होत्या. मागं कोयत्यांचा आवाज येत होता, आणि त्यांनी तिथंच चार जणींना ओरडून सांगितलं.

गोधडी ओली होऊ नये म्हणून खोक्यात घातली होती. खरं वजन दोन किलोंच्या जरा वर. पण भाडं नुसत्या वजनावर नसतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 नं भागायचं. जो आकडा मोठा तो धरतात. खोकं 40 बाय 35 बाय 15 चं. भागाकार 4.2 किलो. गोधडी होती दोन किलोंची, भाडं लागलं चारच्या वरचं. तेही निभावलं असतं. पण गिऱ्हाइकानं ती परत केली, कारण लिहिलं "फोटोपेक्षा रंग वेगळा", आणि परतीचं भाडंही माझ्यावर आलं. परत आली तेव्हा गोधडीला परक्या घराचा वास होता आणि हिरव्या काठावर तेलाचा डाग. धुतली, निघाला नाही.

मावशी उन्हाळ्यात परतल्या आणि मजुरीसाठी आल्या. मी त्यांच्यापुढं साइटच्या हिशोबाचा, सेटलमेंटचा कागद ठेवला. त्यात विक्रीची रक्कम येऊन पुन्हा गेलेली आणि खाली उणे आकडा. त्यांना वाचता येत नाही, पण उण्याची आडवी रेघ त्यांना कळली. मुकादमाच्या उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, वहीत त्यांनी ती वर्षानुवर्षं पाहिलेली. "एवढं कामून कापलं?" मी खोकं दाखवलं, गुणाकार सांगितला. त्या ऐकून घेत होत्या आणि हात गोधडीवरच्या डागावर होता. मग म्हणाल्या, "मंग मी फुकट शिवली म्हण की." मी मजुरी माझ्याजवळची दिली. त्यांनी आधी घेतली नाही, "तुझंबी गेलंच की बाई" म्हणाल्या. मग घेतली, कारण घरी गरज होती. पुढच्या उन्हाळ्यात त्या शिवायला आल्या नाहीत. भांडण झालं नाही, रुसवा नाही. फक्त आल्या नाहीत.

तेव्हापासून मजुरी शिवून झाल्या दिवशी मिळते. त्यामुळं पैसे माझे अडकतात, आणि म्हणूनच प्रत्येक नोंद मला जोखून करावी लागते. "टाकून तर बघा" हे मला पटत नाही ते याच्यामुळं.

खर्च कमी करायचे काही मार्ग सापडले, ते सांगते. खोकं बंद केलं. गोधडी घडी करून रात्रभर ज्वारीच्या पोत्याखाली दाबते, प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुती पट्टीनं आवळते. 40 बाय 30 बाय 8 झाली की भागाकार 1.92 येतो आणि भाडं खऱ्या वजनावर लागतं. माल नोंदवताना साइट मागते ते बारकोड विकत घेतले नाहीत. ॲमेझॉनवर हातानं बनवलेल्या मालासाठी बारकोडमधून सूट मागता येते. फोटो गच्चीवर, सकाळच्या उन्हात, मोबाइलनं. जाहिरातीचे पैसे एकुलत्या नगावर कधीच लावत नाही. दहा जणांनी बघायचं, एकानं घ्यायची, आणि उरलेल्यांच्या क्लिकचे पैसे त्या एका गोधडीवर.

अजून एक. साइट विक्रीच्या रकमेतून सरकारसाठी आधीच जे कर कापून ठेवते, म्हणजे जीएसटीपोटीचा टीसीएस (2024 च्या 10 जुलैपासून 0.5 टक्का, आधी 1) आणि आयकराचा टीडीएस (2024 च्या 1 ऑक्टोबरपासून 0.1 टक्का), ते खर्च नव्हेत. विवरणपत्र भरलं की ते पैसे तुमच्या नावावर जमा धरले जातात. आमच्या भागातल्या कितीतरी जणी ते बुडाले म्हणून सोडून देतात. तसं करू नका.

आता माझ्याशीच माझं भांडण. सुरुवातीला मी प्रत्येक गोधडी टाकायचे. त्या वेळची मी आजच्या मला विचारते, "जे दिसतच नाही ते कोण घेणार? तुझ्या पेटीतली ती लाल-काळी बघून हैदराबादच्या कुणाला आजी आठवली असती, तर?" हा मुद्दा मला खोडता आलेला नाही. नऊ नोंदींच्या दुकानात लोक थांबत नाहीत, हेही मला दिसतं. तिला मी एवढंच म्हणते की न दिसलेल्या गोधडीवर डाग पडत नाही आणि उणे आकडाही येत नाही. यावर ती म्हणते, "आणि विकलीही जात नाही."

भाच्यानं मधला रस्ता सुचवला: एकच नोंद ठेवायची, त्यात लहान, मध्यम, मोठी अशी मापं, रंग गिऱ्हाइकानं कळवायचा, आणि आपण पेटीतून जवळची निवडून फोटो पाठवायचे. नोंद करायची मेहनत एकदाच. यंदाच्या थंडीत मी तसं करून पाहणार आहे. पण मला धास्ती आहे की "फोटोपेक्षा रंग वेगळा" हे कारण लिहायची सोय आपणच करून देतोय. शिवाय ज्या बाईनं महिनाभर बसून ती एक शिवली, तिची गोधडी "मोठी, निळसर" एवढ्या ओळीखाली विकायची, हे मला जड जातं. भाचा म्हणतो, मजुरी तर तिला मिळालीच आहे ना. मिळालीय. तरी जड जातं.

तेव्हा साइटवरच्या आठ-नऊ बघून बाकीच्या नाहीत असं समजू नका. विचारलंत तर फोटो पाठवीन, अंबाजोगाईला आलात तर पेटी उघडून दाखवीन. इथं भाडं आणि कमिशन नसल्यानं किंमत तेवढी कमी लागेल. शिवणारीची मजुरी मात्र दोन्हीकडं तीच.