तुम्ही विचारलंत म्हणून: तो गुलाबी रंग खरा का?

मी काढलेला आकाशाचा फोटो दाखवला की आपल्या कोल्हापुरात कौतुकाआधी शंका येते. "हा रंग खरा, का कॉम्प्युटरवर भरलाय?" मृगातल्या तेजोमेघाबद्दल, म्हणजे एम 42 बद्दल, हे इतक्या वेळा विचारलं गेलंय की एकदाचं लिहूनच टाकतो. रंग खरा आहे. कमी पडतो तो आपला डोळा.

हरणाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या दक्षिणेला बारीक ताऱ्यांची एक ओळ आहे; तिच्या मधोमध एक ठिपका पुसटच राहतो. तो सुमारे 1350 प्रकाशवर्षांवरचा वायू आणि धुळीचा ढग, आणि त्यात अजून तारे जन्मतायत. (जूनमध्ये "मृग लागला" म्हणतो तेव्हा तिथं सूर्य असतो. बघायचा तो थंडीत.) दुर्बिणीतून गाभ्यात चार तारे दाटीनं बसलेले दिसतात. त्यातला सगळ्यात तापलेला जो आहे, त्याच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात. ते पुन्हा अणूत बसताना 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश बाहेर पडतो, सोबत थोडा निळाही. दोन्ही मिळून गुलाबी.

दुर्बिणीला डोळा लावणारा मात्र म्हणतो, "एवढंच व्हय?" बरोबर आहे त्याचं. ओल्या सरपणाचा धूर असावा तसं करडं, फार तर हिरवट काहीतरी दिसतं. इतक्या मंद उजेडात डोळ्यातल्या दंडपेशीच काम करतात. त्यांना रंग कळत नाही आणि लाल प्रकाश तर जवळपास जाणवतच नाही. डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही, कॅमेऱ्याला येतो. अमेरिकेतल्या हौशी खगोलशास्त्रज्ञ हेन्री ड्रेपरनं 1880 साली याचा पहिला फोटो काढला, तेव्हा 51 मिनिटं प्रकाश साठवला होता.

फोटो काढायला मी गगनबावड्याच्या बाजूला जातो. शहराजवळ दिव्यांचा उजेड, त्यात गळीत हंगामात कारखान्यांचा झगमगाट आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर. आपल्याकडं ध्रुव जेमतेम 17 अंशांवर असतो, म्हणून ट्रॅकर (ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र) त्याच्याकडं रोखायचा तर उत्तरेला डोंगर किंवा आंब्याचं झाड आडवं येता कामा नये. जागा शोधण्यातच निम्मी रात्र जाते! पहाटेकडं लेन्सवर दहिवर साचतं, ते वेगळंच. मिनिटामिनिटाचे बरेच फोटो घेतो, गाभ्यासाठी काही सेकंदांचे निराळे, नाहीतर ते चार तारे पांढऱ्या डागात बुडून जातात. मग सगळे एकावर एक रचले की फोटोतला खरखरीतपणा कमी होतो.

आता खरं सांगतो, रंग थोडा गडद मी करतो. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढं जो फिल्टर असतो तो हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश अडवतो, त्यामुळं मूळ फोटो फिका येतो. पण मुळात नसलेला रंग कधी घालत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याकडची एका मिनिटाची कच्ची फाइल उघडून बघावी. गुलाबी तिच्यातही आहे, फक्त फिका.