तुम्ही विचारलंत म्हणून : आम्हाला कधी बोलला कसे नाहीत?

नागपुरात नोकरी करताना सहकाऱ्यांकडून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : इतरांना ख्रिस्ती करण्याची आज्ञाच तुमच्या धर्मात आहे ना, मग आम्हाला कधी बोलला कसे नाहीत? प्रश्न हसत विचारला जातो, पण त्यामागे शंका असते, आणि या शहरात त्या शंकेला इतिहासही आहे. मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करून १९५६ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष भवानीशंकर नियोगी हे नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती होते.

आज्ञा आहे, हे मी नाकारत नाही. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सांगतो की, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा (ख्रिस्ती होताना पाण्याने केला जाणारा विधी) द्या आणि मी दिलेल्या सर्व आज्ञा पाळायला शिकवा. टीकाकारांना, आणि खरे सांगायचे तर आमच्यातील अतिउत्साही लोकांनाही, यातले बाप्तिस्म्यापर्यंतचेच ऐकू येते. शिकवण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे चालते आणि माझ्या मते आज्ञेचा अधिक अवघड भाग तोच आहे. म्हणूनच पत्रके वाटून निघून जाणाऱ्यांचे मला कधी फारसे कौतुक वाटले नाही. तरी मराठी कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला होता, हे विसरून चालणार नाही. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण मधला काळ वाचनाचा, पत्रव्यवहाराचा आणि मनाच्या ओढाताणीचा होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावरच, ते पाऊल उचलले.

तुमच्याशी मी आपण होऊन बोललो नाही, याचे कारण येशूचा शिष्य पेत्र याच्या नव्या करारातील पहिल्या पत्रात आहे : तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले, तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर देण्यास सिद्ध असा. रोज एकाच टेबलावर डबा खाणाऱ्या माणसाला न विचारता उपदेश करण्यात मला आदर दिसत नाही.

माझा बहुतेक वेळ जातो तो विश्वासात नव्याने आलेल्यांबरोबर. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी आम्ही शास्त्र वाचायला बसतो, आणि तिथे येणारे प्रश्न मोठ्या सिद्धांतांचे क्वचितच असतात. घरी गणपती बसतो, आई प्रसाद पुढे करते, तो घ्यावा की नाही? यावर तयार उत्तर देणे सोपे असते, पण त्याने माणूस शिष्य होत नाही, आज्ञाधारक होतो. आम्ही नव्या करारातील करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय उघडतो, जिथे मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाविषयी बोलताना पत्रलेखक प्रेषित पौल स्वतःच्या स्वातंत्र्याइतकाच दुसऱ्याच्या विवेकबुद्धीचाही विचार करायला लावतो. मग आईशी कसे बोलायचे याची चर्चा होते, आणि निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो. कधी तो मला पटत नाही, तरीही पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा भेटतो.

असे नव्या माणसाच्या सोबत राहण्याचे उदाहरण नव्या करारातच आहे : आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाला यरुशलेमेतले शिष्य भीत असताना बर्णबा या शिष्याने त्याला सोबत घेऊन प्रेषितांपुढे उभे केले, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. पुढे तोच शौल पौल म्हणून गाजला. आमच्या प्रवचनांत मात्र बर्णबाचे नाव फारच कमी येते.