मराकेश: रस्ता बंद नसतो

"तिकडे रस्ता बंद आहे." मोरोक्कोतल्या मराकेशच्या मदिनात, म्हणजे जुन्या शहरात, हे वाक्य कानावर पडलं की मान खाली घालून सरळ चालत राहा. मी थांबलो आणि २०० दिरहम घालवून बसलो.

झालं असं. बेन युसुफ मदरसा बघून बाहेर पडलो तर एक पोरगा आडवा आला. पुढे मशीद आहे, तुम्हाला जाता यायचं नाही. पण डोंगरातले बर्बर जमातीचे लोक चामडं कमवायला उतरलेत, आजचाच दिवस, पैसे नकोत. मशिदीचं पटलं, कारण मोरोक्कोत बहुतेक मशिदींत बिगर मुस्लिमांना खरंच प्रवेश नसतो. कुतुबिया मशिदीचा ७७ मीटरचा मनोराही मी बाहेरूनच बघितला होता. वीस मिनिटं गल्लीबोळांतून फरफटत त्याने बाब देब्बागपाशी, चामडं कमावण्याच्या हौदांकडे आणलं. दारात दुसऱ्याने हातात पुदिन्याची काडी कोंबली. आत शिरल्यावर कळलं कशाला ते. कातडी मऊ करायला कबुतरांची विष्ठा वापरतात. एक म्हातारा हौदात मांडीपर्यंत उतरून कातडं तुडवत होता. त्याने वरही बघितलं नाही, रोजचेच बकरे आम्ही. मग वरचं दुकान. पिशवी घेत नाही म्हटल्यावर 'गाइडची फी' ४०० झाली, आवाज चढले, आणखी दोघं येऊन उभे राहिले. २०० वर सुटलो. उतरलो होतो तिथल्या मालकाने ऐकून फक्त मान हलवली. हौद रोज चालू असतात म्हणे.

बघायचंच असेल तर स्वतः जा, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. मागे लागलेल्याला एकदाच "ला, शुक्रान" म्हणा आणि गप्प बसा. "कुठून आलात?" याला उत्तर दिलंत, "शाहरुख खान!" ऐकून हसलात, की अडकलात.

माजोरेल बागेचं तिकीट ऑनलाइनच मिळतं, वेळ ठरवून. मी तसाच गेलो, दारातूनच परत. दुसऱ्या दिवशी आत गेलो. चित्रकार जाक माजोरेलने १९२० च्या दशकात उभी केलेली ही बाग १९८० मध्ये फॅशन डिझायनर इव्ह सँ लोरां आणि त्याचा जोडीदार प्येर बेर्जे यांनी विकत घेऊन वाचवली. तो निळा रंग फोटोतल्यापेक्षाही भडक आहे, निवडुंग अफलातून. पण बांबूंवर पर्यटकांनी नावं कोरून ठेवलीत आणि फोटोसाठी रांगा. सकाळची पहिली वेळ मिळत नसेल तर सरळ सोडा. मेनारा त्याहून उजवी: बाराव्या शतकातला प्रचंड तलाव, भोवती ऑलिव्हची झाडं, तिकीटही काढावं लागलं नाही. तलावाकाठी सावली औषधालाही नाही, म्हणून संध्याकाळी जा.

टॅक्सीत बसण्याआधी "कोंतेर" म्हणजे मीटर म्हणायचं. नाही म्हणाला तर पुढची. प्रेक्षणीय स्थळाच्या दारातली कधीच धरू नका, चालती थांबवा. जेमा अल फना चौकात हात खिशात ठेवा. मेंदीवाल्या बायका हात धरून नक्षी सुरू करतात आणि मग भाव सांगतात. साप-माकडवाल्यांकडे कॅमेरा वळवला की पैसे द्यावे लागतात.

समुद्रकाठच्या एस्सावीरा शहरातले दोन दिवस मस्त गेले, तिथे कुणीच काही फसवलं नाही.

निघायच्या सकाळी पुन्हा मदरशावरून गेलो. त्याच वळणावर तोच पोरगा, नवं जोडपं. "रस्ता बंद आहे." मी त्यांच्या शेजारून त्याच रस्त्याने पुढे गेलो. दहा मिनिटांत मसाल्यांच्या चौकात निघालो.