आकांडतांडव ओसरेपर्यंत

आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलाचे बिनसायला परवा पोळीचे दोन तुकडे केल्याचे निमित्त पुरले. त्याला ती अख्खी हवी होती, आणि दुसरी अख्खी पोळी वाढल्यावरही त्याला तीच, मोडलेली पोळी सांधून हवी होती.

दुकानापुढे खाऊसाठी धरलेला हट्ट निराळा असतो. तिथे मूल रडता रडता आपल्याकडे तिरके पाहते आणि खाऊ मिळताच गप्प होते. असा उद्रेक मात्र हवे ते मिळूनही थांबत नाही. भावना आवरण्यात ज्याचा मोठा वाटा असतो, तो मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो, तेव्हा ऐन भरात ‘शहाण्यासारखा वाग’ म्हणण्यात काय हशील? पोटेगल आणि डेव्हिडसन या अमेरिकी संशोधकांनी २००३ साली दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या अशा प्रसंगांचा, पालकांच्या कथनांवरून, अभ्यास केला. त्यात राग आरंभीच शिगेला पोचून उतरू लागतो आणि दुःख मात्र अखेरपर्यंत रेंगाळते, असे दिसले.

म्हणून पहिल्या भरात मी बोलतच नाही. हाताशी येणारा तांब्या, कात्री दूर सारते आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसते. तो मारू लागला तर मनगट धरून ‘मारू देणार नाही’ एवढेच म्हणते. किंकाळ्या ओसरून मुसमुसणे सुरू झाले की तो आपणहून मांडीकडे सरकतो. काय झाले होते ते बोलणे त्यानंतर, पाणी पिऊन झाल्यावर.

लग्नकार्यात हे अवघड जाते. दुपारची झोप हुकलेली, पंगतीला उशीर, वाजंत्री आणि गाल ओढणारे पाहुणे. त्यात कोणी ‘दोन फटके द्या’ म्हणते, तर कोणी बागुलबुवाला हाक मारते. मी उत्तर न देता त्याला उचलून कार्यालयाच्या मागच्या अंगणात नेते. सासूबाई घरी आल्यावर मीठमोहरीने दृष्ट काढतात. दृष्टीवर माझा विश्वास नाही, पण हलक्या आवाजात पुटपुटत कोणी सावकाश हात ओवाळते, तेव्हा तो खरोखरच निवतो.

मात्र रडताना श्वास अडकून मुलाचे ओठ निळे पडत असतील, तर घरगुती धीरावर विसंबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. काही मुलांमध्ये त्यासोबत लोहाची कमतरता आढळते आणि ती रक्ततपासणीत कळते.