सात आठवडे ७७.४

वजनकाटा बिघडलाय असं समजून मी आधी त्याचे सेल बदलले. मग तो उचलून दुसऱ्या खोलीतल्या सपाट फरशीवर ठेवला. आकडा तोच, ७७.४ किलो. सात आठवडे!

त्याआधीच्या तीन महिन्यांत सांगण्यासारखं काही नाही. ८६ ला सुरुवात केली, खर्चापेक्षा रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या आणि वजन उतरत गेलं. पहिल्याच आठवड्यात दोन किलो गेले म्हणून मिरवलो, त्याची आता लाज वाटते. त्यातलं बरंचसं पाणी होतं. शरीरातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वापरलं जातं तेव्हा त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणीही जातं.

मग अडलं. 'चोरून खातोस का?' हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर इरेला पेटून रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. चिडचिड वाढली, दुपारी डोळे मिटायला लागले, काटा ढिम्म. शेवटी थायरॉइडची तपासणी केली. रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा चक्क हिरमुसलो. दोष ढकलायला तेवढीच एक जागा उरली होती.

उलगडा झाला तो फोनमधली पावलं बघताना. आधी दिवसाला नऊ हजार असायची, जेवण तोडल्यापासून साडेपाच. मी मुद्दाम काही कमी केलं नव्हतं. जिन्याऐवजी लिफ्ट, उठून आणायची वस्तू दुसऱ्याला मागायची, असं नकळत चाललं होतं. तिथेच शंभरेक कॅलरी वाचल्या. वजन साडेआठ किलोने उतरल्यामुळे शरीराची गरजही दीडशेच्या आसपास घटलेली. शिवाय वजन उतरलं की शरीर हिशेबापेक्षा थोडी जास्तच काटकसर करतं.

आणि तेल. वहीत मी 'एक चमचा' लिहायचो. एकदा खरंच मोजलं तर अंदाजाने ओतलेलं तेल १० ग्रॅम जास्त भरलं, तेही दोन्ही वेळा. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे १८०. रात्री अकराला उभ्याउभ्या तोंडात टाकलेलं तर वहीत कधी चढलंच नव्हतं, निम्म्या जेवणाची वसुली तिथे व्हायची. ५०० ची तूट अशी माझ्याच हाताने बुजली होती. १९९२ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात 'डाएट करूनही वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या लोकांचं खाणं त्यांनी सांगितल्यापेक्षा बरंच जास्त निघालं होतं. वाचून राग आला, पण माझी वही काही वेगळं सांगत नव्हती.

रात्रीचं जेवण पूर्ववत केलं. तेल मोजून, पावलं नऊ हजार. हो, वजनं उचलण्याचा व्यायाम मी फार उशिरा सुरू केला. तो पहिल्या दिवसापासून करा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. त्या व्यायामाने सुरुवातीला अंगात पाणी धरतं, तेव्हा काटा वर गेला तर घाबरू नका.

आठव्या आठवड्यात ७७.१ दिसलं. दुसऱ्या दिवशी ७७.६! खारट खाल्लं तरी एवढा फरक पडतो. आता रोज लिहितो, पण बघतो फक्त आठवड्याची सरासरी. सध्या ती ७५.८ आहे, आठवड्याला जेमतेम पाव किलो उतरते.

काट्याचे जुने सेल चांगलेच होते. टीव्हीच्या रिमोटमध्ये अजून चालतायत.