आई-बाबांना घेऊन जपान: निघण्याआधीची तयारी आणि तिथे उपयोगी पडलेल्या गोष्टी

सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना घेऊन नोव्हेंबरमध्ये जपानला जाऊन आलो. तोक्यो, क्योतो, हिरोशिमा आणि परत तोक्यो असा मार्ग होता. निघण्याआधी ओळखीच्यांनी बरंच घाबरवलं होतं: चालावं फार लागतं, शाकाहारी माणसाचे हाल होतात, इंग्रजी कुणाला येत नाही. चालावं लागतं हे खरं आहे. तरीही वयस्कर माणसांना न्यायला इतका सोयीचा देश मी दुसरा पाहिलेला नाही. मात्र तयारीची कामं घरूनच उरकून निघायला हवं, तिथे गेल्यावर बघू म्हणून चालत नाही. म्हणून आधी घरच्या तयारीबद्दल जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात नावापासून. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन नावं असतात आणि प्रत्येक कागदावर ती वेगळ्या पद्धतीनं येतात. आईच्या पिढीतल्या बायकांचं तर लग्नात नावही बदललेलं असतं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत जे छापलंय ते नवऱ्याच्या नावासकट, स्पेलिंगच्या प्रत्येक अक्षरासकट विमानाच्या तिकिटावर यायला हवं. तिकीट काढताना आधार कार्ड बाजूला ठेवा आणि फक्त पासपोर्ट समोर घ्या. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असेल तर पुढचे बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत.

पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून जपानचा ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातच द्यायचा असतो, पण पासपोर्टवर स्टिकर लागत नाही. खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल, तर त्यांची प्राप्तिकर विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट आणि आई-वडिलांशी असलेल्या नात्याचा पुरावा जोडावा. रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, तो साधा आणि खरा लिहा. या ई-व्हिसात एक बारकावा आहे. व्हिसा मिळाल्याची नोटीस फोनवर इंटरनेट चालू ठेवूनच दाखवावी लागते. छापील प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे तिथलं ई-सिम किंवा रोमिंग विमानात बसण्यापूर्वीच घालून ठेवा आणि आई-बाबांची नोटीस स्वतःच्या फोनवर उघडून दाखवता येते का हे तपासा. ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती आधीच भरली की क्यूआर कोड मिळतो. एकाच खात्यात बरोबरच्या कुटुंबीयांची नोंद करता येते. बँकेचे ओटीपी भारतातल्या नंबरवर येत राहावेत म्हणून त्या सिमचं रोमिंगही चालू ठेवा.

औषधांसाठी मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तुम्हीही द्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं जपानमध्ये एका महिन्याच्या वापरापुरती नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असतील किंवा इन्शुलिनच्या पेनाखेरीज इतर इंजेक्शनं असतील, तर आधी परवानगीचा कागद लागू शकतो. सर्दी-खोकल्याच्या औषधांवर तिथे आपल्यापेक्षा कितीतरी कडक नियम आहेत. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं नेता येत नाहीत आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवर निर्बंध आहेत. आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यात अशी एखादी पट्टी सहज असते, म्हणून प्रत्येक पट्टीच्या मागचं घटकद्रव्य वाचा. गोळ्या मूळ वेष्टणातच ठेवा, दिवसांच्या खणांच्या डबीत आधीपासून भरू नका. औषधांची घटकनामं, डोस आणि आजार लिहिलेलं इंग्रजी पत्र डॉक्टरांकडून घ्या. सगळी औषधं हातातल्या बॅगेतच हवीत.

विमा घेताना बीपी, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, सगळं लिहून द्या. आधीपासून असलेल्या आजाराची गुंतागुंत झाल्यास पॉलिसी काय देते, हे वाक्य शोधून वाचा. हप्ता थोडा जास्त पडला तरी ते कलम असलेली पॉलिसी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि चालणं. बाबा जाण्याआधीचे तीनेक महिने आठवड्यातून एकदा नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढत होते. आईच्या गुडघ्यांना चढ झेपत नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी सपाट रस्त्यावर चालायची. जे बूट तिथे घालायचे तेच घालून सराव झाला पाहिजे, नवे बूट नेऊ नका. बूट न वाकता पाय सरकवता येतील असे घ्या, कारण देवळांत आणि काही उपाहारगृहांत ते सारखे काढावे लागतात.

खाण्याच्या पिशवीत मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि मेतकूट घेतलं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि कच्चे तांदूळ नेऊ नका, त्यांच्यावर तिथे निर्बंध आहेत. मांसाचे पदार्थ तर बंदच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही घरीच ठेवा. त्यातल्या तेलामुळे ते ज्वालाग्राही समजलं जातं आणि विमानात नेऊ देत नाहीत. लोणचं चेक-इन बॅगेत घाला, पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्या बॅगेत. जपानमध्ये १०० व्होल्ट वीज आणि दोन चपट्या पट्ट्यांचे प्लग आहेत. फोनचे चार्जर ॲडॉप्टर लावून चालतात, पण आपल्याकडची पाणी तापवायची कॉइल तिथे कामाची नाही. हॉटेलच्या खोल्यांत बहुधा इलेक्ट्रिक किटली असतेच.

विमानतळावरची व्हीलचेअर किमान ४८ तास आधी विमान कंपनीकडे नोंदवायची. बाबांना ती नको होती. “मी काय आजारी आहे का?” असं त्यांनी विचारलं. ती आजारपणासाठी नाही, विमान बदलताना पाय वाचवण्यासाठी आहे, हे समजावल्यावर तयार झाले. रात्रभरच्या प्रवासानंतर इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही, याचा फायदा पुढचा पूर्ण दिवस जाणवला. वेळेतला फरक साडेतीन तासांचाच आहे, त्यामुळे झोपेचं गणित फारसं बिघडत नाही.

तोक्योत पोचल्यावर विमानतळावरच ‘वेलकम सुइका’ कार्डं घेतली. रेल्वे-बसचं भाडं देण्यासाठीचं, पर्यटकांचं हे कार्ड २८ दिवस चालतं, त्याला अनामत रक्कम नाही. फाटकावर टेकवलं की झालं, आई-बाबांना दुसऱ्या दिवसापासून सवय झाली. मोठ्या स्टेशनांत लिफ्ट असते, पण प्रत्येक दारापाशी नसते. शिंजुकूसारख्या स्टेशनाला तर २०० हून अधिक दारं आहेत. म्हणून निघतानाच नकाशात कुठल्या क्रमांकाच्या दारातून बाहेर पडायचं ते बघायचं आणि फलाटावर उतरल्या उतरल्या लिफ्टची खूण शोधायची. सकाळी ऑफिसच्या गर्दीच्या वेळेत बाहेर पडूच नका, साडेनऊनंतर निघा. हॉटेलही प्रसिद्ध ठिकाणाजवळ घेण्यापेक्षा लिफ्ट असलेल्या स्टेशनाच्या दाराजवळ घ्या. माझ्या मते सगळ्या प्रवासातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

असाकुसाला सेन्सोजी मंदिर सगळेच बघतात. तिथून दहाएक मिनिटांच्या चालीवर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे, तिथे जरूर जा. इथे कांगितेनची, म्हणजे जपानमध्ये पोचलेल्या गणपतीची उपासना होते. मूर्ती दर्शनाला खुली नसते, आणि नैवेद्य असतो पांढऱ्या मुळ्याचा! देवळातच मुळा विकत मिळतो. आईनं मुळा वाहिला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हटलं. पायऱ्या नको असतील तर वर जायला एक छोटी रेलगाडीही आहे.

आता पोटाचं. आईला मासे-अंडं काहीच चालत नाही, आणि जपानी जेवणात मासा दिसत नसला तरी असतो. ‘दाशी’ नावाचा सुक्या माशाचा अर्क मिसो सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रश्शात, भाजीतही असतो. त्यामुळे “मांस नाही ना?” एवढं विचारून भागत नाही. “मांस, मासे, अंडं आणि माशाची दाशी चालत नाही” असं जपानीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा, तिथले लोक ते फार मन लावून वाचतात आणि जमत नसेल तर सरळ तसं सांगतात. तोक्यो स्टेशनात तिकिटाच्या फाटकाच्या आत ‘टीज् तानतान’ हे पूर्ण शाकाहारी रामेन नूडल्सचं दुकान आहे. क्योतोच्या अराशियामात तेन्र्यूजी मंदिराच्या आवारात ‘शिगेत्सु’मध्ये बौद्ध भिक्षूंच्या परंपरेचं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी, मिळतं. तोफू, तिळाचे पदार्थ, कंद, भात, सगळं लहान लहान वाट्यांत. आई-बाबांना सगळ्या प्रवासात हे जेवण सर्वांत आवडलं.

रोजच्या आधाराला सेव्हन-इलेव्हन, लॉसन आणि फॅमिलीमार्टची दुकानं पुरतात. केळी, दही, दूध, खारवलेल्या उमे फळाची ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, मिळते. फोनच्या कॅमेऱ्यानं वेष्टणाचं भाषांतर मात्र दर वेळी करायचं. तयार पांढऱ्या भाताचा डबा घेतला की दुकानातच गरम करून मिळतो. दमून आलेल्या संध्याकाळी त्या भातावर मेतकूट घातलं की दोघं समाधानानं झोपायची. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन निघतात. देवळं, बस, छोटी दुकानं यांसाठी रोख लागतेच, आणि ५०० येनपर्यंत सगळी नाणीच असल्यानं सुट्ट्या पैशांचा बटवा जवळ हवा.

अगदीच घरच्या जेवणाची आठवण आली तर एदोगावा भागातल्या निशी-कासाईला जा. भारतीयांची मोठी वस्ती आहे, किराणाही मिळतो. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले होते, हे ऐकून बाबांना फार अभिमान वाटला.

तोक्योहून क्योतोला नोझोमी शिंकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, साधारण सव्वादोन तास लागतात. सात दिवसांचा जपान रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. आमचा पूर्ण फेरा सुट्या तिकिटांत त्याहून कमी पडला, म्हणून पास घेण्याआधी बेरीज करून बघा. क्योतोकडे जाताना साध्या डब्यात ‘ई’ क्रमांकाची खिडकी मागा, हवा स्वच्छ असेल तर फुजी त्याच बाजूला दिसतो.

बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा जास्त होत असेल तर त्यासाठीची जागा तिकिटासोबतच आरक्षित करावी लागते, नाहीतर १,००० येन भरावे लागतात. घरीच टेपनं मोजा. त्याहून चांगला उपाय म्हणजे मोठ्या बॅगा बरोबर न्यायच्याच नाहीत. ‘ताक्युबिन’ नावाची सेवा हॉटेलच्या काउंटरवरून बॅग घेते आणि बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचवते. क्योतोहून आमच्या मोठ्या बॅगा थेट तोक्योच्या हॉटेलात गेल्या आणि हिरोशिमाला आम्ही पाठीवरची एकेक पिशवी घेऊन गेलो. दोन्ही हात मोकळे असले की आईचा हात धरता येतो, जिन्याचा कठडाही धरता येतो. या खर्चात अजिबात काटकसर करू नका.

क्योतोत नोव्हेंबरच्या शेवटी मेपलची पानं लाल होतात आणि गर्दीही तितकीच होते. बसमध्ये मागून चढायचं आणि पुढून पैसे देऊन उतरायचं, पण बस भरलेल्या असतात. चौघांत टॅक्सी परवडते. टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं आणि मिटतं, त्याला हात लावू नका, असं बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं. फुशिमी इनारी देवस्थानाच्या लाल कमानी सुरुवातीच्या सपाट भागातच बघून परत फिरलो. त्याऐवजी सान्जूसान्गेन्दो या बौद्ध मंदिराला निवांत वेळ दिला. स्टेशनापासून जवळ, एकाच मजल्यावरची लांबलचक लाकडी वास्तू, आत कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या १,००१ मूर्ती आणि त्यांच्यापुढे रक्षक देवतांची रांग. त्यांत आपला गरुड आणि इंद्रही आहेत. ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी क्योतोत याहून चांगली जागा मला माहीत नाही.

हिरोशिमा बाबांच्या आग्रहाखातर. शांती स्मारक संग्रहालयाचं तिकीट २०० येन आहे, पासष्टीच्या पुढच्यांना १००. पासपोर्ट दाखवायला जवळ ठेवा. ६ ऑगस्ट १९४५ ची ती सकाळ आत इतक्या जवळून दिसते की बाहेर आल्यावर कुणालाच बोलावंसं वाटत नाही. नदीकाठी बाकं आहेत, तिथे हवा तेवढा वेळ बसा आणि त्या दुपारी दुसरं काही ठरवू नका.

रोज एकच मोठं ठिकाण, दुपारी खोलीवर येऊन दोन तास आराम, संध्याकाळी जवळपास फेरफटका, एवढाच आमचा बेत असायचा. आई-बाबांची खरी काळजी असते ती स्वच्छतागृहाची, आणि तिथे जपान मनापासून आवडतं. स्टेशन, दुकान, बाग, सगळीकडे स्वच्छ, फुकट आणि बहुतेक ठिकाणी पाण्याच्या फवाऱ्याची सोय. कचऱ्याचे डबे मात्र रस्त्यावर जवळजवळ नसतात, एक रिकामी पिशवी बरोबर असू द्या.

दोघांच्या खिशात हॉटेलचं जपानी पत्ता असलेलं कार्ड आणि माझा नंबर कायम होता. रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. जपानच्या पर्यटन संस्थेची इंग्रजीत बोलणारी चोवीस तासांची मदतसेवा ०५०-३८१६-२७८७ या क्रमांकावर आहे, तो सगळ्यांच्या फोनमध्ये जतन करून ठेवा.

परतताना बॅगा ताक्युबिननं विमानतळावर पाठवायच्या असतील तर दोन दिवस आधी द्या आणि औषधांची पिशवी त्यात जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. वेलकम सुइकातली उरलेली रक्कम परत मिळत नाही, ती विमानतळावरच्या दुकानात खाऊ घेऊन संपवा.